हात ठेवण्याची घाई नको



तुमच्या मंडळीत आज ना उद्या कुणाला तरी दीक्षा देण्याचा प्रश्न येईल. तो सेमिनरीतून शिकून आलेला तरुण असेल, किंवा वर्षानुवर्षे रविवारची शाळा सांभाळणारे गृहस्थ असतील. कदाचित घरगुती प्रार्थनासभेचे पुढारी असतील, ज्यांना सगळे 'पास्टर' म्हणतात, पण ज्यांच्यावर अजून कुणी हात ठेवलेले नाहीत. अशा वेळी दोन तऱ्हेची बोलणी कानावर येतात. काही म्हणतात, दीक्षा ही बिशपसाहेबांची आणि कमिटीची बाब, आपण त्या दिवशी उपासनेला आणि जेवायला जायचे एवढेच. काही म्हणतात, दीक्षाविधी हे माणसांनी काढलेले सोपस्कार आहेत, पवित्र आत्म्याने अभिषेक केला की झाले. मला दोन्ही बोलण्यांची काळजी वाटते, कारण दोन्हींमुळे साधे सभासद हात झटकून मोकळे होतात. पवित्र शास्त्र मात्र त्यांना असे मोकळे सोडत नाही. म्हणून बायबल घेऊन बसा, आणि मी ज्या ठिकाणांचा उल्लेख करतो ती स्वतः काढून वाचा.

सुरुवात जुन्या करारापासून करू. गणना या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात लेव्यांना निवासमंडपाच्या सेवेसाठी वेगळे करण्याचा प्रसंग आहे. त्यांना शुद्ध करण्यात आले, सगळी मंडळी एकत्र जमवण्यात आली, आणि मग लेव्यांवर हात ठेवले ते इस्राएल लोकांनी. मोशे होता, अहरोन होता, तरी दहाव्या वचनात हात ठेवणारे लोक आहेत. जे आपल्या वतीने देवापुढे उभे राहणार, त्यांना लोकांनी स्वतः पुढे करायचे होते. हा अध्याय आपल्याकडे उपदेशाला फारसा घेतला जात नाही. दीक्षेच्या आधीच्या रविवारी तो वाचून दाखवावा असे मला मनापासून वाटते.

त्याच पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात मोशे आपल्यामागे कोण, याची चिंता देवापुढे मांडतो. मेंढपाळाविना मेंढरांसारखे लोक उघड्यावर पडू नयेत, ही त्याची तळमळ आहे. देव नूनाचा मुलगा यहोशवा याचे नाव घेतो आणि ज्याच्या ठायी आत्मा आहे असा पुरुष, अशी त्याची ओळख सांगतो. म्हणजे आत्मा आधीच आहे. तरीही देव मोशेला त्याच्यावर हात ठेवायला सांगतो, आणि तेही एलाजार याजकासमोर, सगळ्या मंडळीदेखत. 'आत्मा आहे ना, मग हात कशाला?' असे विचारणाऱ्यांनी या ठिकाणी थांबून विचार करावा. ज्याला आत्मा मिळाला होता त्यालाच देवाने लोकांसमोर उभे केले, आणि इथून पुढे याचे ऐका, असे लोकांना उघडपणे कळवले.

प्रभू येशूने बारा जणांना नेमले, त्याचा हेतू मार्काच्या तिसऱ्या अध्यायात दिला आहे. त्यांनी त्याच्याबरोबर असावे आणि त्याने त्यांना उपदेश करायला पाठवावे. आधी सहवास, मग पाठवणी, हा क्रम लक्षात ठेवा. पुढे तो पुन्हा कामी येईल.

आता प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय काढा. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण आपल्या मंडळ्यांना सगळ्यात जास्त शिकण्यासारखे इथेच आहे. यरुशलेमेतल्या मंडळीत कुरकुर सुरू झाली. कारण होते रोजच्या वाटपाचे. ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होत होते, इब्री बोलणाऱ्यांच्या विधवांना मिळत होते. प्रेषितांनी ही तक्रार दाबली नाही, आणि आपल्या मर्जीतली सात माणसे नेमून प्रश्न मिटवलाही नाही. त्यांनी सगळ्या शिष्यांना बोलावून सांगितले की तुमच्यातले सात जण तुम्ही निवडा. कसे निवडायचे तेही सांगितले: ज्यांच्याविषयी लोक चांगले बोलतात, जे आत्म्याने आणि शहाणपणाने भरलेले आहेत, असे. लोकांनी निवडले, प्रेषितांसमोर उभे केले, आणि मग प्रार्थना करून त्यांच्यावर हात ठेवण्यात आले.

त्या सातांची नावे पाहा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना आणि अंत्युखियाचा निकलाव. सगळी नावे ग्रीक आहेत. यावरून पुष्कळ अभ्यासकांना वाटते, आणि मलाही पटते, की ज्यांच्या विधवा उपाशी राहत होत्या त्यांच्यातूनच मंडळीने माणसे निवडली. यरुशलेमेत इब्री बोलणाऱ्यांचे वजन होते. तरी त्यांनी वाटपाची पूर्ण व्यवस्था दुसऱ्या गटाच्या हाती दिली. बंधूंनो, आपल्याकडे पाळक निवडताना भावकी कुणाची, मूळ गाव कुठले, आजोबा कुठल्या मिशनमध्ये होते, आणि दबक्या आवाजात जात कुठली, हे विचारले जाते हे तुम्हालाही ठाऊक आहे. प्रभूच्या मेजावर हे विचारायचे नसते. कमिटीच्या टेबलावरही विचारू नका. कुणी विचारले तर कृत्यांचा हा अध्याय उघडून त्याच्यापुढे ठेवा.

तेराव्या अध्यायात अंत्युखियाची मंडळी आहे. बर्णबा, निग्र म्हटलेला शिमोन, कुरेनेकर लूक्य, मनाएन आणि शाऊल असे संदेष्टे आणि शिक्षक तिथे होते. ते उपास करून प्रभूची सेवा करत असताना पवित्र आत्म्याने सांगितले की बर्णबा आणि शाऊल यांना माझ्या कामासाठी वेगळे करा. मग पुन्हा उपास, प्रार्थना, हात ठेवणे आणि रवानगी. शाऊलाला दिमिष्काच्या वाटेवर खुद्द प्रभूने हाक दिली होती. त्याहून मोठे पाचारण कुणाला मिळणार? गलतीकरांस लिहिताना पौल स्वतः ठासून सांगतो की आपले प्रेषितपण माणसांकडून आलेले नाही. तरीसुद्धा दिमिष्कात हनन्या नावाच्या एका साध्या शिष्याने ठेवलेले हात त्याने स्वीकारले, आणि अंत्युखियात सहकाऱ्यांपुढेही तो वाकला. 'मला देवाने थेट नेमले आहे, मला कुणाच्या मान्यतेची गरज नाही,' असे कुणी तुमच्या उंबरठ्यावर येऊन म्हणाले, तर पौलाला ज्याचा कमीपणा वाटला नाही त्याचा यांना का वाटावा, हे जरूर विचारा. नम्रपणे विचारा, पण विचारा.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. दीक्षाविधीचा एकच ठरलेला नमुना बायबलमध्ये नाही. कुणी कोणते शब्द म्हणायचे, कुठला झगा घालायचा, बिशपच हवेत की वडिलांची सभा पुरे, याचा आराखडा नव्या करारात सापडत नाही. हात ठेवणे आजाऱ्यांना बरे करताना आहे, बाळांना आशीर्वाद देताना आहे, नव्या विश्वासणाऱ्यांना पवित्र आत्मा मिळताना आहे. प्रत्येक ठिकाणी ती दीक्षाच असते असे नाही. अपुल्लो इफिसात उपदेश करू लागला तेव्हा त्याच्यावर कुणी हात ठेवल्याची नोंद नाही. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला यांनी त्याला घरी नेऊन अधिक नीट शिकवले, आणि पुढे जाताना तिथल्या बंधूंनी त्याच्याबरोबर पत्र दिले. पण हेही पाहा, शिकवणारे कुणीतरी होते आणि शिफारसपत्र देणारेही होते. एकट्याने उठून एकट्याने गाजावे असे तिथेही नाही.

मिलेतला पौलाने इफिसाच्या वडिलांना बोलावले आणि त्यांनाच त्याने कळपाचे अध्यक्ष, म्हणजे बिशप, म्हटले. पुढच्या शतकांत बिशप, वडील आणि डीकन अशी तीन पदे वेगळी झाली. कॅथलिक बांधव गुरुदीक्षेला सात संस्कारांपैकी एक मानतात. आपण प्रॉटेस्टंट मंडळीतले लोक सर्व विश्वासणाऱ्यांच्या याजकपणावर भर देतो, आणि पेत्राच्या पहिल्या पत्राचा दुसरा अध्याय त्याला आधार आहे. हे मतभेद खरे आहेत. ते चारशे-पाचशे वर्षे चालले आहेत, माझ्या एका पत्राने मिटणारे नाहीत. मात्र सगळे याजक आहेत म्हणून पाळकाची गरजच नाही, असा अर्थ कुणी काढला तर मी तो मानणार नाही. सगळ्यांना याजक म्हणणारा तोच पेत्र त्याच पत्राच्या पाचव्या अध्यायात वडिलांना कळप सांभाळायला सांगतो. पैशाच्या लोभाने सांभाळू नका, धनीपणा करू नका, असेही बजावतो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, पाचव्या अध्यायाच्या बाविसाव्या वचनात, पौल सांगतो की कुणावर हात ठेवण्याची घाई करू नकोस. आणि लगेच जोडतो की दुसऱ्यांच्या पापांचा भागीदार होऊ नकोस. ही दोन वाक्ये शेजारी का आली, याचा विचार करा. अयोग्य माणसावर हात ठेवले आणि त्याने पुढे मंडळी नासवली, तर हात ठेवणारे त्या पापात वाटेकरी होतात. ज्या कमिटीने शिफारस केली, ज्या सभासदांनी माहीत असून तोंड उघडले नाही, त्यांनाही मी या वाक्याबाहेर ठेवू शकत नाही. मंडळीचे पैसे खाल्ल्याच्या किंवा त्याहून भयंकर गोष्टी नंतर बाहेर येतात तेव्हा लोक म्हणतात, आम्हाला आधीच संशय होता. मग आधी का बोलला नाहीत?

घाई करायची नाही म्हणजे काय करायचे, तेही त्याच पत्रात आहे. तिसरा अध्याय वाचा. तिथल्या अटींमध्ये कौशल्य म्हणून एकच गोष्ट आहे, शिकवता येणे. बाकी सगळे वागण्याचे आहे: एका पत्नीचा पती, संयमी, घरात पाहुण्याला जागा देणारा, मारहाण न करणारा, पैशाचा लोभ नसलेला, आपले घर नीट चालवणारा. सेवकांची आधी पारख करा असे दहाव्या वचनात आहे. आणि सातव्या वचनात अशी अट आहे जी आपण हमखास विसरतो, की मंडळीबाहेरच्या लोकांचेही त्याच्याविषयी चांगले मत असावे. म्हणून चौकशी बाहेरही करा. तो राहतो त्या चाळीत विचारा, किराणा दुकानदाराला विचारा, त्याच्याबरोबर नोकरी केलेल्या हिंदू-मुसलमान शेजाऱ्यांना विचारा. मुलीसाठी स्थळ पाहताना आपण चार गावांहून माहिती काढतो. ज्याच्या हाती अख्ख्या मंडळीचे आत्मे सोपवायचे, त्याच्याविषयी मात्र दोन प्रमाणपत्रे आणि एक गोड उपदेश यांवर समाधान मानतो.

नवशिक्या नसावा, अशीही अट तिथे आहे. नाहीतर तो गर्वाने फुगेल. यावर कुणी म्हणेल की पौलाने लुस्त्र, इकुन्य आणि दुसऱ्या एका अंत्युखियात नव्याच विश्वासणाऱ्यांतून वडील नेमले होते. बरोबर आहे. तीताला क्रेत बेटावर नगरोनगरी वडील नेमायला सांगितले तेव्हाच्या यादीतही नवशिक्याची अट दिसत नाही. कारण उघड आहे. जिथे सगळीच मंडळी नवी, तिथे जुना माणूस आणणार कुठून? इफिसाची मंडळी मात्र तोवर काही वर्षांची झाली होती, तिथे ही अट आली. आपल्या महाराष्ट्रातल्या बहुतेक मंडळ्या आज क्रेतसारख्या कोवळ्या नाहीत. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले लोक १८१३ साली मुंबईत उतरले. दोनशे वर्षांनंतरही आपल्याला काल आलेल्या माणसाला आज पाळक करावे लागत असेल, तर मधल्या काळात आपण मुले-मुली घडवली नाहीत असा त्याचा अर्थ होतो.

आपल्या आधीच्या लोकांनी वाट पाहिली होती. धनजीभाई नवरोजी या पारशी तरुणाचा बाप्तिस्मा १८३९ साली मुंबईत झाला. पुढे स्कॉटलंडला जाऊन त्यांनी धर्मशास्त्राचा अभ्यास केला आणि १८४६ साली तिथे त्यांना दीक्षा मिळाली. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १८९५ मध्ये झाला. तेव्हाच ते नावाजलेले कवी आणि संस्कृतचे जाणकार होते. अशा माणसाला मिरवावे असा मोह कुणालाही झाला असता. पण अहमदनगरला शिकवत, शिकत, लोकांत वावरत ९ वर्षे गेली आणि १९०४ साली ते दीक्षित पाळक झाले. आधी सहवास, मग पाठवणी, हा मार्कातला क्रम इथे दिसतो.

आता पैशाविषयी. पैशाच्या लोभाचा निषेध तीमथ्याच्या पत्रात वडिलांसाठी आहे, सेवकांसाठी आहे, तीताच्या पत्रात आहे आणि पेत्राच्या पत्रातही आहे. इतके वेळा सांगावे लागले, यावरून तेव्हाही हा रोग होता हे कळते. शोमरोनात शिमोन नावाच्या जादूगाराने हात ठेवून आत्मा देण्याचा अधिकार आपल्यालाही मिळावा म्हणून प्रेषितांपुढे पैसे ठेवले. पेत्राने त्याला किती कडक शब्दांत झिडकारले ते कृत्यांच्या आठव्या अध्यायात वाचा. आज पैसे भरले की 'रेव्हरंड'ची पदवी आणि मानद डॉक्टरेट घरपोच देणाऱ्या संस्था आहेत. कागदावर सोनेरी शिक्का असतो, पण ज्यांनी दीक्षा दिली त्यांनी या माणसाला कधी पाहिलेलेही नसते. अशा कागदाला बायबलचा काडीचाही आधार नाही, कारण बायबलमध्ये दीक्षा देणाऱ्याचा हात ज्याला दीक्षा द्यायची त्याच्यावर टेकतो, आणि ज्यांची सेवा करायची ते लोक तिथे उभे असतात.

यात व्यवहारी धोकाही आहे. १८७२ चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा लग्न लावण्याचा अधिकार सरसकट कुणालाही देत नाही. बिशपकडून दीक्षा मिळालेले धर्मसेवक, सरकारी परवाना असलेले पाळक, विवाह निबंधक अशा मोजक्यांनाच तो आहे. मुलाचे किंवा मुलीचे लग्न ठरले की लग्न लावणाऱ्याच्या अधिकाराची चौकशी पत्रिका छापण्याआधी करा. त्यात पाळकाचा अपमान होत नाही. खरा पाळक स्वतःहून परवाना दाखवतो.

वेगवेगळ्या मंडळ्यांच्या दीक्षा एकमेकींना मान्य होतात का, हा प्रश्न आपल्या राज्यातच एकदा मोठ्या नम्रतेने हाताळला गेला. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. काहींत बिशप होते, काहींत नव्हते. कुणाची दीक्षा खरी, यावर वाद घालता आला असता. त्याऐवजी सेवेच्या ऐक्याच्या विधीत वेगवेगळ्या परंपरांच्या पाळकांनी एकमेकांचे हात आपल्यावर ठेवून घेतले आणि प्रार्थना केली. ज्यांना दीक्षा मिळून वर्षे लोटली होती तेही वाकले. कुठल्या मंडळीची दीक्षा वरची, यावर आपल्या तरुणांचे वाद होतात तेव्हा त्यांना हा दिवस सांगा.

स्त्रियांच्या दीक्षेविषयीही विचारले जाते. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात किंख्रिया येथील मंडळीची सेविका फिबी हिची पौल शिफारस करतो, आणि प्रिस्किल्लेचे नाव तर तो तिच्या पतीच्या आधी घेतो. दुसरीकडे तीमथ्याच्या पहिल्या पत्राचा दुसरा अध्याय पुढे केला जातो. कॅथलिक मंडळी स्त्रियांना दीक्षा देत नाही, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया आणि चर्च ऑफ साउथ इंडिया देतात. माझे मत स्पष्ट आहे: आपल्या खेड्यापाड्यांत सुवार्ता घरात नेली ती पुष्कळदा बायबल-बायांनी. त्यांच्या लेकीसुनांना वेदीपाशी उभे राहू न देणे मला पटत नाही. ज्यांना पटते त्यांनीही पारखीच्या अटी स्त्री-पुरुषांना सारख्याच लावाव्यात.

एकदा हात ठेवले की तुमचे काम संपत नाही. तीमथ्याच्या पत्राचा पाचवा अध्याय सांगतो की चांगला कारभार करणारे, विशेषतः उपदेशात आणि शिक्षणात श्रम घेणारे वडील, दुप्पट मानाला पात्र आहेत, आणि पुढचेच वचन मजुराच्या मजुरीविषयी आहे. म्हणजे मानात पगारही आला. पाळकाचे मानधन महिनोन्महिने थकवायचे आणि लोभाविषयी त्याला उपदेश करायचा, हे बरे नव्हे. कमिटीच्या पुढच्या बैठकीत मानधनाचा विषय सगळ्यांत आधी घ्या.

तोच अध्याय सांगतो की वडिलांवरचा आरोप दोन-तीन साक्षीदार असल्याशिवाय ऐकू नका, आणि पाप करत राहणाऱ्याला सगळ्यांसमोर दोष द्या. ही दोन्ही वाक्ये एकत्र पाळा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाळकाची निनावी बदनामी करणे पहिल्या वाक्याविरुद्ध आहे. ठोस साक्षी असूनही 'मंडळीची अब्रू जाईल' म्हणून बदली करून प्रकरण मिटवणे दुसऱ्याविरुद्ध आहे. एखाद्या लेकराला किंवा बाईला इजा झाली असेल तर मंडळीच्या चौकशीची वाट न पाहता थेट पोलिसांकडे जा. मंडळीची शिस्त कायद्याच्या जागी येत नाही.

आणि ज्या दिवशी दीक्षा असेल त्या दिवशी या. आधी मंडळीने मिळून उपास ठेवा, अंत्युखियाने ठेवला होता तसा. बऱ्याच मंडळ्यांच्या विधीत जमलेल्या लोकांना विचारले जाते की या व्यक्तीला तुम्ही स्वीकारता का, तिला साहाय्य कराल का. त्या प्रश्नाचे उत्तर तोंडपाठ म्हणून देऊ नका. ज्यांना हरकतीसारखे काही ठाऊक असेल त्यांनी ते विधीच्या कितीतरी आधी, सहीनिशी, बिशपसाहेबांना किंवा कमिटीला लिहून कळवावे. ज्यांना तसे काही ठाऊक नाही, ज्यांनी चौकशी केली आहे आणि प्रार्थनाही केली आहे, त्यांनी शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात होकार द्यावा.